तिसरी बाई

एन्रॉन म्हटलं की तुम्हाला गुहागरजवळचं दाभोळ आठवत असेल. आम्हा ह्यूस्टनकरांना पुठ्ठ्याचे खोके आठवतात. २००१च्या डिसेंबरात त्या कंपनीने दिवाळं जाहीर केलं आणि डाउनटाउनमधल्या काचेच्या इमारतीतून माणसं एकेक खोका पोटाशी धरून बाहेर पडली. त्यातला एक खोका आमच्या नाशिककरांचा. आत काय, तर एक कॅल्क्युलेटर, बोटभर उंचीचा गणपती आणि मुलीने शाळेत रंगवलेला मग. इतक्या वर्षांच्या नोकरीचं सामान एवढंच निघालं.

पुढच्या वर्षी शहरात काहीतरी बरं घडायला हवं होतं, आणि घडलं. फुटबॉलची टीम मिळाली. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, ज्यात पायांचं काम कमी आणि हाडांचं जास्त. ऑइलर्स नावाची जुनी टीम १९९६च्या मोसमानंतर गाशा गुंडाळून टेनेसीला गेली होती. मग बॉब मॅकनेर नावाच्या उद्योगपतीने सत्तर कोटी डॉलर मोजून नवी टीम आणली, टेक्सन्स. तिच्यासाठी उघडमीट होणाऱ्या छपराचं नवंकोरं स्टेडियम बांधलं. आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातली पोरं वाटून घेण्याच्या त्या बाजारात, सगळ्यांत पहिला नंबर ह्यूस्टनने उचलला तो डेव्हिड कार. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेटचा क्वार्टरबॅक. वय बावीस. देखणा, शांत, आठ नंबरची जर्सी. शहराने त्याला जावई मिळाल्यासारखं डोक्यावर घेतलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना क्वार्टरबॅक समजावून सांगणं सोपं आहे. बॉल त्याच्या हातात येतो. पुढचं सगळं त्याने ठरवायचं, कुणाकडे फेकायचा, कधी फेकायचा. त्यासाठी त्याला वेळ मिळतो अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात समोरच्या टीमचे रेडे त्याच्या अंगावर धावून येतात आणि बॉल हातात असतानाच त्याला आडवा पाडायला बघतात. पाडला की तो ‘सॅक’. या रेड्यांना अडवायला क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण उभे असतात, एकेक सव्वाशे-दीडशे किलोचा. त्यांना लाइन म्हणतात. त्यांच्या वाट्याला बॉल येत नाही, टाळ्या येत नाहीत, नावही कुणाला ठाऊक नसतं. पंच दंड पुकारतो तेव्हा तेवढा त्यांचा नंबर ऐकू येतो.

आम्ही पाच-सहा घरं शुगर लँडमध्ये राहायचो. रविवारी दुपारी बाराला सामना असला की साडेअकरालाच माझ्या घरी जमायचो. कुणी चिवडा आणायचं, कुणी बिअर. माझा चार वर्षांचा मुलगा टीव्हीसमोरच्या गालिच्यावर आगगाडी पसरायचा आणि ऐन मोक्याच्या क्षणी उभा राहायचा.

पहिला सामना ८ सप्टेंबरचा, डॅलस काउबॉइजशी. डॅलस म्हणजे मोठा भाऊ, मुजोर. पहिल्याच चढाईत कारने बिली मिलरच्या हातात १९ यार्डांचा पास दिला आणि टचडाउन! आम्ही १९-१० जिंकलो. नाशिककर त्या रात्री नऊ महिन्यांनी मोठ्याने हसले. आमच्यातले कोल्हापूरकर म्हणाले, “बघा, ह्या पोराचा पुतळा लागणार गावात.”

पुढच्याच आठवड्यात सॅन डिएगोने २४-३ असं धुतलं. मग हळूहळू दर रविवारी तेच दृश्य दिसू लागलं. आठ नंबर मागे सरकतोय, वर बघतोय, आणि खाली. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी सरळ मधूनच. गवतातून उठताना तो जर्सी झटकायचा आणि पुन्हा येऊन उभा राहायचा. ऑक्टोबर संपेपर्यंत जावयाचं कौतुक ओसरलं होतं.

आमच्यात दोन तट पडले.

कोल्हापूरकर पासाडेनाच्या रिफायनरीत वेल्डिंगचे सांधे तपासायचे. दिवसभर पाइपाचा जोड कुठे कच्चा आहे ते शोधणारा माणूस, पण रविवारी त्यांना पोराशिवाय काही दिसत नसे. “च्यायला, बॉल धरून बसतंय नुसतं! फेक की लेका! आईच्या मांडीवर बसलाय काय?”

“काहून ओरडून राहिले बाप्पा?” आमचे नागपूरचे डॉक्टर म्हणायचे. “त्याले वेळ तं भेटला पाहिजे. अन् वेळ देणार कोण? लाइन आहे कुठं?”

डॉक्टरांचं खरं होतं. नव्या टीमला बाकीच्या संघांनी देऊ केलेल्या खेळाडूंतूनही निवड करायची होती. तिथे ह्यूस्टनने पहिलंच नाव घेतलं ते टोनी बोसेली, जॅक्सनव्हिलचा अफाट टॅकल, म्हणजे लाइनीच्या टोकाला उभा राहणारा गडी. क्वार्टरबॅकची पाठ राखायला याच्याइतका माणूस नाही म्हणून. पण त्याचा खांदा असा गेला की तो टेक्सन्सकडून एकही सामना खेळला नाही. मग उभे राहिले ते जमेल तसे, जमेल तिथे. त्यात चेस्टर पिट्स नावाचा नवा मुलगा होता. शाळेत असताना तो फुटबॉल खेळलाच नव्हता, वाद्यवृंदात ओबो वाजवायचा. किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरत असताना एका फुटबॉलपटूने त्याची अंगकाठी पाहून त्याला मैदानावर ओढलं. मला ही गोष्ट फार आवडते. पण पिशव्या भरणारा हा गुणी मुलगा, कालपरवा जमलेली ही लाइन आणि तिच्या मागे उभा केलेला बावीस-तेवीस वर्षांचा कोवळा पोर, हा हिशेब कुणीतरी टेबलावर बसून केला होता, आणि त्या माणसाला कुणी कधी शिव्या घातलेल्या मी ऐकल्या नाहीत.

नाशिककर डॉक्टरांच्या बाजूचे. ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, “वरच्यांचे हिशेब चुकले की खोके खालच्यांच्या हातात येतात.” मग चिवड्यातले दाणे वेचत बसले.

मी कोल्हापूरकरांच्या तटातला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पोरगं चुकतंय हे डोळ्यांना दिसत होतं, आणि दिसतं त्यावर बोलायला कष्ट पडत नाहीत.

त्या साली सप्टेंबरात आई सहा महिन्यांसाठी आली होती. पुण्यात नारायण पेठेत तिने बावीस वर्षं खानावळ चालवली. आता थकली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन परत गेल्यावर करू म्हणत होती. रविवारी आमच्या गोंगाटात ती कोपऱ्यातल्या खुर्चीत हिलक्रॉफ्टवरून आणलेली मेथी निवडत बसायची. पानं हाताने चाचपून. डोळ्यांपेक्षा बोटांवर तिचा भरवसा जास्त.

८ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये एक चमत्कार झाला. टेक्सन्स २४-६ जिंकले, आणि पूर्ण सामन्यात त्यांच्या आक्रमणाने मिळवलेले यार्ड होते फक्त ४७. सत्तेचाळीस! म्हणजे घरात चूल पेटली नाही आणि पंगत उठली. बचावफळीने समोरच्यांचे बॉल हिसकावून पळत जाऊन गुण केले होते.

“जिंकतोय ते पोरामुळे नाही, पोर असूनही जिंकतोय,” कोल्हापूरकर म्हणाले. “बसवा त्याला बाकावर.”

मी मान डोलावली. “प्रश्न तयारीचा आहे. दबावाखाली हा मुलगा मोडतो.”

हे वाक्य मी असं सहज बोललो, कारण ते माझ्या तोंडात तयार होतं. चारच दिवसांपूर्वी मी ते ऑफिसात बोललो होतो.

“तुम्ही सगळे त्या पोराकडेच का बघता रे?” कोपऱ्यातून आई म्हणाली.

“बॉल त्याच्याकडे असतो ना, काकू,” कोल्हापूरकर म्हणाले.

“असेल. मला नाही दिसत बॉल. तपकिरी काहीतरी असतं म्हणे. मला आपले ते जाडे तेवढे दिसतात.” तिने काडी मोडून बाजूला टाकली. “तो डाव्या हाताचा कोपऱ्यातला जाडा बघ. तो अर्धं पाऊल उशिरा हलतो. तो उशिरा हलला की त्याच्या शेजारचा त्याला सावरायला जातो, मग मधे भगदाड पडतं. ते झालं की पुढे बघायचं कारणच नाही. मी मेथीकडे बघते.”

डॉक्टर खदाखदा हसले. कोल्हापूरकर म्हणाले, “काकू, तुम्हाला कोच करतो,” आणि पुढची चढाई सुरू झाली. तरी त्या वेळी मी मुद्दाम बॉल सोडून डावीकडे पाहिलं. मनात मोजलं, एक हजार एक, एक हजार दोन. दोनाच्या ‘न’वर भगदाड पडलं. मग पडद्याच्या मध्यभागी आठ नंबर आडवा झाला, आणि सगळे ओरडले, “फेक की!”

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ताटल्या गोळा करत होतो. आई अजून खुर्चीतच होती.

“आमच्याकडे एक वाढपी होता,” ती म्हणाली. “कोकणातला. चपळ. एका हातावर चार ताटं. मेंबरं त्याच्यावर खूश असायची. मग आपल्या पोळ्या लाटणाऱ्या तीन बायकांतली एक बाळंतपणाला गेली. राहिल्या दोघी. दुपारी साडेबाराला साठ पानं बसायची, आणि तव्यावर पोळी दोनच. हा आत यायचा, बुट्टी रिकामी. बाहेर जायचा, मेंबरं ओरडायची, अरे पोळी आण, झोपलास काय, आम्ही पैसे मोजतो. शिव्या कुणाला? त्याला. पोळ्या करणाऱ्या दिसत नाहीत ना बाहेरून.”

“मग?”

“मग काही नाही. रोज तेच. हळूहळू तो पोळी अर्धी करून वाढायला लागला. म्हणजे निदान कुणी रिकाम्या पानाशी नको. दाराजवळच्या टेबलावर तीन बँकेतली माणसं बसायची, फार तोंडाळ. तिकडे तो जाईनासाच झाला. लांबूनच वळायचा. मी दोनदा झापलं त्याला.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “चार महिन्यांनी मी तिसरी बाई ठेवली. पोळ्यांची चळत लागायला लागली. पण हा तरी अर्धीच पोळी वाढायचा. दारातलं टेबल टाळायचाच. बुट्टी भरलेली असताना. शेवटी मीच त्याला दुसरीकडे जा म्हटलं. माणूस बिघडला म्हणून.”

“चार महिने का लावलेस?”

“तिसरीचा पगार वाचत होता,” आई म्हणाली. “मी गल्ल्यावर बसायचे. पुढचं टेबल मला दिसायचं, आतली चूलही मला दिसायची. दोन्ही दिसणारी मी एकटीच होते.” मग नेहमीच्या सुरात, “मेथी फ्रीजमध्ये ठेव, कोमेजेल,” असं म्हणून ती उठली.

आता ऑफिसातलं सांगतो. आमची कंपनी लहान होती. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनीत कुणाचा किती वायू कोणत्या दिवशी जाणार, याचं वेळापत्रक करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. उन्हाळ्यात एक नवा मुलगा आला होता. सांगलीचा, चोवीस वर्षांचा, व्हिसा कंपनीच्या नावावर. आम्ही त्याला सांगलीकरच म्हणायचो. काम उत्तम. मला ‘सर’ म्हणायचा. पहिल्या नावाने हाक मार म्हटलं तर लाजायचा आणि मग काहीच हाक मारायचा नाही.

दर मंगळवारी अकरा वाजता गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर त्याला नवी आवृत्ती दाखवायची असे. त्यासाठी करारांच्या आकड्यांची एक फाइल लागायची. ती मी तपासून आदल्या शुक्रवारी त्याला द्यायची, असं ठरलेलं. पडद्यावर आकडे चुकीचे यायचे. समोरचा टेक्सासचा म्हातारा चश्मा काढून म्हणायचा, हा वायू आम्ही मेक्सिकोला विकत नाही. सांगलीकर घामाघूम. मी शेजारच्या खुर्चीत वहीत चौकोन काढत बसलेला. बाहेर आलं की मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, जरा तयारी वाढव. गेल्या बुधवारी वरच्या साहेबाने विचारलं, मुलगा कसा आहे? जानेवारीत ठेवायचा का? तेव्हा मी ते वाक्य बोललो होतो. दबावाखाली मोडतो.

सोमवारी सकाळी मी कॉफी घेऊन बसलो आणि पाठवलेल्या मेल उघडल्या. फक्त वेळा बघायच्या म्हणून. फाइल शुक्रवारी जायला हवी. पहिल्या आठवड्यात गेली सोमवारी दुपारी. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी रात्री पावणेअकराला. तिसऱ्यांदा मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. एकदा तर दहा वाजून बारा मिनिटांनी, म्हणजे मीटिंगच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी. खाली मी लिहिलं होतं, ‘जरा उशीर झाला, सांभाळून घे.’ सात मीटिंगांत फाइल वेळेवर गेली होती एकदा. त्या एका मंगळवारी सगळं सुरळीत पार पडलं होतं, आणि मी म्हणालो होतो, आज नशीब बरं होतं तुझं.

उशीर का व्हायचा? कारण सांगण्यासारखं असतं तर बरं झालं असतं. ते आकडे तपासणं कंटाळवाणं होतं, आणि ते वेळेवर झालं तरी कुणी शाबासकी देत नसे.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये आकडे पुन्हा चुकले, कारण त्या आठवड्याची फाइल तर आधीच उशिरा गेलेली होती. म्हाताऱ्याने चश्मा काढला. मी म्हणालो, “फाइल माझ्याकडून उशिरा येते. प्रत्येक उशीर माझ्याकडूनच झालाय.” मला वाटलं होतं, असं काही बोलल्यावर खोलीत निदान शांतता तरी पसरेल. म्हातारा म्हणाला, “बरं. मग वेळेवर कधी येईल?” आणि कागदावर तारीख लिहून घेतली. वरचे साहेब मात्र नंतर चिडले. गिऱ्हाइकासमोर घरातलं धुणं कशाला काढलंस, म्हणाले. मी माझं बुधवारचं वाक्य मागे घेतलं. तेही त्यांना फारसं आवडलं नाही. सांगलीकर राहिला.

मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलंस.” मग थोड्या वेळाने, “पण पोरगंही जरा वेंधळंच आहे हं तुझं. फाइल आली नाही तर ओरडायला काय झालं त्याला?” मला वाटलं सांगलीकराबद्दल बोलतेय. ती टीव्हीकडे बघत होती. दोघांबद्दलही असेल.

खरंच, कार बॉल धरून ठेवायचाच. कोल्हापूरकर अगदीच चुकीचे नव्हते. हे मला अजूनही मान्य आहे, आणि डॉक्टर अजूनही मान्य करत नाहीत. पण कोंबडी आधी की अंडं, हा वाद तिथे घालण्यात अर्थ नव्हता. मोसम संपला तेव्हा टीम ४-१२ होती आणि कारला ७६ वेळा पाडलं होतं. सोळा सामन्यांत, म्हणजे दर रविवारी जवळजवळ पाचदा. आधीचा विक्रम ७२चा होता, रँडल कनिंगहॅमचा, १९८६चा. पोराने तो पहिल्याच वर्षी मोडला. आणि सोळाही सामने खेळला, एकदाही ‘मला आज जमत नाही’ म्हणाला नाही. बिचाऱ्याचं दुखणं होतं की मोठेपण, काय म्हणावं?

पुढच्या वर्षी सॅक पंधरावर आले. चळत लागली, असं आम्हाला वाटलं. मग पुन्हा ४९, त्यानंतर ६८. त्या वर्षी टीम २-१४. मग नवा प्रशिक्षक आला आणि २००६मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. कारच्या पासची अचूकता ६८.३ टक्के झाली, सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर. मी खूश होऊन डॉक्टरांना फोन केला. कोल्हापूरकर मात्र म्हणाले, “अरे, बघ तरी कुठे फेकतोय.” मी बघितलं. चार-पाच यार्डांवर, शेजारी उभ्या असलेल्याच्या हातात. समोर मैदान उघडं असताना. बॉल आला की तो आधी स्वतःच्या आजूबाजूच्या पायांकडे बघायचा. वाढपी अर्धी पोळी वाढत होता.

पाच वर्षांत २४९ सॅक. २००७च्या वसंतात टेक्सन्सनी त्याला सोडून दिलं. नंतर तो इथेतिथे राखीव म्हणून राहिला. न्यूयॉर्क जायंट्सच्या बाकावर बसून त्याला सुपर बोलची अंगठीही मिळाली. त्याचा धाकटा भाऊ डेरेक पुढे रेडर्सचा क्वार्टरबॅक झाला. ड्राफ्टच्या वेळी भावाच्या नावामुळे लोक त्याच्याकडेही जरा साशंक नजरेने बघत होते म्हणे. लोकांचं डोकं असंच चालतं.

सांगलीकर आमच्याकडे अजून दोन वर्षं होता. माझी फाइल आता शुक्रवारी दुपारी चारच्या आत जायची, एकदाही चुकली नाही. तरी रविवारी रात्री त्याची मेल यायची, ‘सर, फाइल मिळाली आहे, पण एकदा बघून घेता का?’ प्रत्येक मेलवर सात जणांना प्रत. एखादी गोष्ट त्याने स्वतः ठरवली, असं मला आठवत नाही. मीटिंगमध्ये म्हाताऱ्याने नुसता चश्मा पुसायला काढला तरी तो बोलताना थांबायचा. एक दिवस मला म्हणाला, “सर, मला टेस्टिंगच्या टीममध्ये टाकता का? पडद्यासमोरचं काम नको.” मी टाकलं. मग तो डॅलसला गेला. मी शिफारसपत्र लिहिलं, दोन पानांचं, सगळं खरं. ते लिहायला मला एक पूर्ण रविवार लागला. सामना चालू होता आणि मी आवाज बंद केला होता.

आई २०११ साली गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिने पुण्यात एकदा सुपर बोलची क्षणचित्रं पाहिली होती. फोनवर म्हणाली, “बॉल दिसला रे. पण काही कळलं नाही.”

आता टेक्सन्सकडे सी. जे. स्ट्राउड आहे. २०२३ला आला आणि पहिल्याच वर्षी शहर वेडं केलं. २३ टचडाउन पास, समोरच्यांच्या हाती गेलेले फक्त पाच. दुसऱ्या वर्षी सॅक ३८वरून ५२ झाले, टचडाउन घटले, समोरच्यांनी पकडलेले पास बारावर गेले, आणि गावात पुन्हा तीच वाक्यं ऐकू यायला लागली. माझा आगगाडीवाला मुलगा तोवर सव्वीस वर्षांचा झाला होता. तो ही वाक्यं माझ्याहून चांगली म्हणतो.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. कॅन्सस सिटीत प्लेऑफचा सामना होता, मुलगा घरी आलेला. कोल्हापूरकर निवृत्त होऊन परत गेले, डॉक्टर आले होते. स्ट्राउड पुन्हा पुन्हा पडत होता. त्या दिवशी तो आठ वेळा पडला, २३-१४ हरलो.

“तो मागच्या वर्षीचा राहिलाच नाही, बाबा,” मुलगा म्हणत होता. “घाबरतो आता. डोळे बघ त्याचे.”

“काहून घाबरते, ते पाह्य ना,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता थरथरतो.

एवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या गटात ऑगस्टपासून एक मुलगी होती, मंगळवारी तिला मोठ्या लोकांपुढे उभं राहायचं होतं. ‘सर, दरपत्रकाची फाइल कधी मिळेल? घाई नाही.’ खाली पुन्हा एक ओळ, ‘शनिवारी त्रास दिला, सॉरी, खरंच घाई नाही.’ फाइल काल जायला हवी होती.

मी उठलो.

“आत्ता? बाबा, थर्ड डाउन आहे!”

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. फाइल नव्वद टक्के झालेली होती, उरलेले दहा टक्के नेहमीचे कंटाळवाणे. ओळीमागून ओळ तपासत होतो तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुलगा ओरडला, “गेला! पुन्हा पाडला!”

“कुठल्या बाजूने आला?” मी विचारलं.

बाहेर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

“नाही बघितलं,” तो म्हणाला. “मी बॉलकडे बघत होतो.”